पुण्यात राहून समुद्रावरच्या बचावकार्याला मदत करता येते का?

प्रश्न थोडक्यात असा: "माझी मामेबहीण अमेरिकेत असते. ती तिथल्या कोस्ट गार्ड ऑग्झिलरीत स्वयंसेवक आहे. गणवेश घालते, शनिवार-रविवारी लोकांच्या बोटी तपासते. मी कर्वेनगरला राहते, वय ३८, टिळक टँकवर रोज चाळीस फेऱ्या पोहते. सासर हरिहरेश्वरजवळ. आपल्या तटरक्षक दलात असं काही आहे का? पुण्यात राहून मला काय करता येईल?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं. तटरक्षक दलाच्या नावाने, त्याच्या शिस्तीत चालणारं असं गणवेशातलं नागरी दल आपल्याकडे नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबणार आहे, आणि तुमच्या चाळीस फेऱ्या त्यात अगदी शेवटी येतील. मी तटरक्षक दलात होतो. शेवटची बरीच वर्षं ऑपरेशन रूममध्ये गेली, म्हणजे जिथे फोन येतो आणि जिथून बोट किंवा विमान निघतं त्या खोलीत. निवृत्तीनंतर सिंहगड रोडला स्थायिक झालो. शेजारीपाजारी विचारतात, "साहेब, समुद्र सोडून इथे करमतं का?" करमतं. कारण कोकणच्या समुद्रात अडचणीत येणारी कितीतरी माणसं इथूनच निघतात, हे मी त्या खोलीत बसून पाहिलेलं आहे.

आधी तुमची बहीण नेमकं काय करते ते बघू, कारण आपल्याकडे त्याबद्दल गैरसमज फार. अमेरिकेत १९३० च्या दशकात हौशी लोकांच्या मोटरबोटी इतक्या वाढल्या की तटरक्षक दलाला त्यांच्याकडे बघायला माणसं पुरेनात. म्हणून १९३९ साली कायदा करून बोटमालकांचंच एक नागरी दल उभं केलं. सुरुवातीला त्याचं नाव 'रिझर्व्ह' होतं. १९४१ मध्ये लष्करी राखीव दल वेगळं झालं आणि नागरिकांच्या दलाला 'ऑग्झिलरी' हे नाव मिळालं. किमान वय १७, नागरिकत्व अमेरिकेचं, पगार नाही. आदेशावर स्वतःची बोट बाहेर काढली तर इंधनाचा खर्च मिळतो. अटक करणं, दंड लावणं, लष्करी मोहिमेत जाणं यातलं काहीही त्यांच्या हातात नाही.

खरी गंमत यातच आहे. तुमच्या बहिणीला अधिकार नाहीत म्हणूनच लोक तिला बोटीवर येऊ देतात. ती जेटीवर उभी राहून विचारते, "तपासून देऊ का?" मालक हो म्हणाला तर जॅकेटं मोजते, अग्निशामक बघते, दिवे आणि भोंगा चालतो का ते पाहते. सगळं ठीक असेल तर स्टिकर लावते. ठीक नसेल तर काय कमी आहे ते सांगते आणि निघून जाते. वर कुणाला कळवायचं नाही, दंड नाही. दंड लावू शकणाऱ्या सरकारी माणसाने हेच केलं असतं तर निम्म्या लोकांनी बोट दुसऱ्या धक्क्याला नेऊन लावली असती. तिथल्या तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालात एक गोष्ट वर्षानुवर्षं तशीच येते. हौशी नौकाविहारात बुडून मेलेल्या पाच माणसांपैकी चारांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. तुमची बहीण जेटीवर जॅकेटं मोजते, तेव्हा ती या चौघांचाच हिशेब आधी मांडून ठेवत असते.

ब्रिटनमधला प्रकार याच्या बराच उलटा. तिथे लाइफबोटी चालवणारी आरएनएलआय ही संस्था १८२४ पासून आहे. ती सरकारी नाही, देणग्यांवर चालते, आणि वादळात बोट घेऊन जाणारे बहुतेक सगळे गावचेच स्वयंसेवक: कुणी मासेमार, कुणी सुतार, कुणी दुकानदार. शोधाची सूत्रं सरकारी कोस्टगार्डकडे आणि बोट गावाची. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री कॉर्नवॉलमधल्या माउसहोल गावच्या आठ स्वयंसेवकांची बोट एका मालवाहू जहाजाला वाचवायला गेली आणि आठही जण परत आले नाहीत. निघताना सुकाणू धरणाऱ्याने एका घरातला एकच माणूस बोटीत घेतला होता, दुसऱ्याला धक्क्यावरच ठेवलं होतं. स्वयंसेवा म्हटलं की लोकांना असं काहीतरी आठवतं. मला त्याबद्दल आदर आहे, पण पुण्याहून तुम्हाला ते करता येणार नाही. तसा प्रयत्नही करू नका.

आता आपल्याकडचं. भारतीय तटरक्षक दल १९७७ च्या १ फेब्रुवारीला हंगामी स्वरूपात सुरू झालं, १९७८ मध्ये कायदा झाला. समुद्रातल्या शोध आणि बचावाची देशपातळीवरची जबाबदारी तटरक्षक दलाच्या महासंचालकांवर आहे. आपल्या वाट्याला आलेलं क्षेत्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या जमिनीहून कितीतरी मोठं. त्यासाठी मुंबई, चेन्नई आणि श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, इथे मुख्य समन्वय केंद्रं आहेत. समुद्रातल्या संकटासाठी फोन क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. हे दोन क्रमांक आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवा. पुढचं वाचायचं राहिलं तरी चालेल.

स्वयंसेवक आपल्याकडेही आहेत, फक्त आपण त्यांना त्या नावाने ओळखत नाही. कोकणात गावोगावी सागर रक्षक दल आहे. मच्छीमार आणि किनाऱ्यावरचे लोकच त्यात असतात, सागरी पोलिस ठाण्याशी जोडलेले. २६/११ ला हल्लेखोर एका पळवलेल्या मासेमारी बोटीतून आले, तेव्हापासून या लोकांच्या डोळ्यांची किंमत सगळ्यांना कळली. पण बचावाच्या कामात मच्छीमार त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. समुद्रात कुणी बुडताना दिसलं तर जवळच्या बोटीने मदतीला जायचं हा कायदा जगभर आहे, पण आमच्या दर्यावरच्या माणसाला तो कायदा वाचून दाखवावा लागत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ जण गेले. तेव्हा आसपासच्या बोटींनी बऱ्याच माणसांना पाण्यातून ओढून घेतलं. किनाऱ्यालगतच्या बहुतेक अपघातांत असंच होतं. तटरक्षक दलाची बोट कितीही वेगवान असली तरी ती कुठून तरी निघावी लागते. मच्छीमार आधीच तिथे असतो.

मग पुण्यातल्या माणसाने काय करायचं? इथे मला ऑपरेशन रूममधला हिशेब सांगायला हवा, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

संध्याकाळी साडेसातला फोन येतो. पलीकडे बाई रडवेल्या. नवरा आणि त्याचे मित्र सकाळी गळाने मासे धरायला बोट करून गेले, अजून आले नाहीत. आम्ही विचारतो: कुठल्या बंदरातून? "श्रीवर्धनकडून... की दिघीहून?" किती वाजता? "आठ असतील, किंवा दहा." किती माणसं? "पाच. सहा सुद्धा असतील, ऑफिसचा एकजण यायचा होता." बोटीचं नाव, रंग, नंबर? माहीत नाही. कुठल्या दिशेला? माहीत नाही. बोटवाल्याचा फोन? नवऱ्याच्या मोबाइलमध्ये आहे. आणि मोबाइल नवऱ्याजवळ, बंद.

समजा बोटीचं इंजिन बंद पडलं आणि ती नुसती वाहत चालली आहे. तासाला एक सागरी मैल एवढाच प्रवाह धरला, तरी दोन तासांनी ती दोन सागरी मैल त्रिज्येच्या वर्तुळात कुठेतरी असेल. ते वर्तुळ साधारण साडेबारा चौरस सागरी मैलांचं. सहा तास गेले की सहा सागरी मैल त्रिज्येचं वर्तुळ, म्हणजे ११३ चौरस सागरी मैल. वेळ तिप्पट, क्षेत्र नऊपट. त्यात 'श्रीवर्धन की दिघी', 'आठ की दहा' हे मिसळा आणि वर अंधार. माणूस पाण्यात असेल तर लाटांमध्ये त्याचं डोकं नारळाएवढं दिसतं. दिसलं तर.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. उत्तर अटलांटिकमध्ये माणूस पाण्याच्या थंडीने मरतो. कोकण किनाऱ्याला पाणी वर्षभर कोमट असतं, त्यामुळे इथे माणूस थंडीने नाही, दमून बुडतो. अंगावर जॅकेट असेल तर तो कित्येक तास टिकतो. ते तास वाया गेले नाहीत तर आम्ही पोहोचतो. ते वाया जातात ते बहुतेक वेळा बोटीअभावी नव्हे, माहितीअभावी. आणि ती माहिती कुठे असते? कर्वेनगरला, हडपसरला, पिंपरीला, ज्या घरातून माणूस निघाला त्या घरात. किंवा नसते.

म्हणून माझा सल्ला असा की तुम्ही तुमच्या ओळखीच्या लोकांसाठी 'किनाऱ्यावरचं माणूस' व्हा. सोसायटीतलं, ऑफिसमधलं, भिशीतलं कुणी कोकणात बोटीतून जाणार असेल, मग डॉल्फिन बघायला असो, जंजिऱ्याला असो, गळ टाकायला असो, तर त्यांच्याकडून निघण्याआधी एक कागद भरून घ्या. कुठून निघणार, किती वाजता, कुठे जाणार, परत किती वाजता, किती माणसं आणि त्यांची नावं, बोटीचं नाव, नंबर, रंग, तांडेलाचा म्हणजे बोट चालवणाऱ्याचा मोबाइल. जेटीवर पोहोचल्यावर बोटीचा एक फोटो काढून तुम्हाला पाठवायला सांगा. हे झालं की एक वेळ ठरवा: समजा साडेसहापर्यंत परतल्याचा फोन आला नाही, तर तुम्ही आधी तांडेलाला, मग जेटीवरच्या माणसाला आणि तरीही पत्ता लागला नाही तर १५५४ ला फोन करायचा. विदेशात याला वेगळी नावं आहेत, छापील नमुने आहेत. तुम्ही वहीच्या पानावर केलंत तरी माझ्या जागी बसलेल्या माणसाचे पहिले दोन तास वाचतील. आणि हो, लोक परत आल्याचा फोन करायला हमखास विसरतात, हॉटेलात सुरमईच्या ताटावर बसलेले असतात. त्यांना तुम्हीच फोन करून झापा. ती सवय लागेपर्यंत चार वेळा वाईटपणा येईल.

दुसरं काम भरती-ओहोटीचं. पुण्यातल्या माणसाला समुद्र म्हणजे एकाच उंचीवर असलेलं पाणी वाटतं, खडकवासल्यासारखं. तुमचं सासर हरिहरेश्वरजवळ, म्हणजे देवळामागचा प्रदक्षिणेचा मार्ग तुम्हाला माहीत असणारच. ओहोटीला त्या खडकांवरून निवांत जाता येतं. भरतीला तिथे उभं राहून फोटो काढणारे लाटेने ओढले गेले आहेत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत गेलेली मंडळी भरती आली की अडकतात आणि घाईने पाण्यात उतरतात. सासरच्या म्हाताऱ्यांना विचारा, ते तिथीची पाऊणपट करतात: पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा ठोकताळा आहे, अचूक वेळ हवी तर भरतीचं छापील कोष्टक मिळतं. पण कालनिर्णय भिंतीवर असलेल्या प्रत्येक घरात हा हिशेब करता येतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त ओढून नेतं. मोठ्या सहली नेमक्या कुठल्या दिवशी निघतात ते बघा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयीन सहलीतले चौदा विद्यार्थी गेले. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे पक्कं बसलं आहे की बचावाचं काम स्वारगेटला, बस सुटायच्या आधी सुरू व्हायला हवं. शाळा-कॉलेजांत जाऊन सहलीच्या आधी अर्धा तास बोलणं, हे तुमच्या बहिणीच्या कामाचं पुण्यातलं रूप. मी हे करतो. मुलं ऐकतात. शिक्षकांना घाई असते.

वाऱ्याचंही थोडं. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा. सकाळी इंजिन बंद पडलेली छोटी बोट किनाऱ्यापासून लांब ढकलली जाते, दुपारी बंद पडलेली किनाऱ्याकडे. फोनवर कुणी "बोट बंद पडली" म्हणून कळवलं तर किती वाजता पडली हे विचारायचं ते यासाठी. आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवेचा इशारा, लागला असेल, तर ज्याने आगाऊ पैसे भरले आहेत त्यालाही सांगायचं, पैसे गेले असं समज. यात वाईटपणा येतोच.

तुम्हाला यंत्रांची आवड असेल तर हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांनी चालवायचा बिनतारी संच, हा पुण्यात बसून करण्यासारखा उद्योग आहे. परीक्षा द्यावी लागते, केंद्र सरकारचा परवाना लागतो, मग स्वतःचं व्हीयू अक्षरांनी सुरू होणारं नाव मिळतं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हौशी रेडिओवाल्यांचं एक पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरला होतं. बाकी संपर्क तुटलेला असताना निरोप त्यांच्याकडून गेले. मात्र या परवान्यावर बोटींच्या रेडिओवरच्या (व्हीएचएफ) १६ नंबरच्या चॅनलवर बोलायचं नाही. तो संकटाचा आणि हाक मारायचा चॅनल आहे, तिथे हौस चालत नाही. मच्छीमारांसाठी इस्रोने 'डॅट' नावाचं यंत्र केलं आहे. बटण दाबलं की बोटीची जागा उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला कळते, आणि नव्या यंत्रात निरोप पोहोचल्याची पोचही बोटीवर परत येते. पूर्वी बटण दाबणाऱ्याला आपला आवाज कुणी ऐकला की नाही हे कळायचं नाही. अंधारात त्या पोचपावतीचं महत्त्व काय ते त्या बोटीतल्या माणसालाच विचारा. सासरच्या गावात कुणाची बोट असेल तर डॅट आहे का, चालू आहे का, एवढं पुढच्या वेळी विचारून या. जावयाने विचारलं तर रागावतील, सुनेने विचारलं तर बघतील तरी.

रीतसर प्रशिक्षण हवं असेल तर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'आपदा मित्र' योजनेत नागरिकांना बारा दिवसांचं शिक्षण दिलं गेलं आहे. पुण्यात पुढची तुकडी निघणार आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारा. समुद्राचं नसलं तरी प्रथमोपचार आणि छाती दाबून श्वास देणं तरी नीट शिकाल. पुणे जिल्ह्यातही पाणी कमी नाही. मे २०२४ मध्ये उजनीत वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जण गेले. तिथे तटरक्षक दल येत नाही, सुदुंबऱ्याहून एनडीआरएफ येतं, आणि त्याआधी स्थानिक लोक. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र' या स्वयंसेवी बचाव पथकासारखी माणसं दऱ्यांत वर्षानुवर्षं जे करतात ते जवळून बघा. स्थानिक ओळख, दोर, आणि पोलिसांशी नीट संबंध, एवढ्यावर ते चालतं. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी देशभर तटरक्षक दलाच्या पुढाकाराने किनारा स्वच्छता होते, तिथेही जा. तिथे दलातल्या लोकांशी ओळख होते, आणि ओळख असेल तर पुढच्या वर्षी तुमच्या सोसायटीत बोलायला कुणीतरी येतं.

एक गोष्ट करू नका. अपघात झाला की व्हॉट्सअॅपवर "तातडीने स्वयंसेवक हवेत" असे निरोप फिरतात आणि पुण्याहून चार गाड्या ताम्हिणी उतरतात. जेटीवर गर्दी होते, रुग्णवाहिकेला वाट मिळत नाही, आणि जुना निरोप तीन दिवस फिरत राहिल्यामुळे सापडलेल्या माणसांसाठी फोन येत राहतात. मी एकदा एकाच हरवलेल्या मुलाबद्दल एका रात्रीत सतरा फोन घेतले आहेत. तो मुलगा दुपारीच घरी पोहोचला होता.

आता पोहण्याचं. टिळक टँकला भिंत आहे, पाण्याला ओढ नाही, तळ दिसतो. समुद्रात जिथे लाटा कमी फुटताना दिसतात, पाणी शांत वाटतं, तिथेच बऱ्याचदा आत ओढणारा प्रवाह असतो. तुम्ही स्वतः सापडलात तर किनाऱ्याकडे नाही, किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे या. दुसरा कुणी सापडला असेल तर उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या खांद्यावर चढतो आणि दोघं जातात. तरंगणारं काहीतरी फेका. पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्यात साधारण पाच किलो उचलून धरतो, पोहणाऱ्याला आधार देणाऱ्या हलक्या जॅकेटएवढं, आणि डोकं वर ठेवायला ते पुरतं. कॅनमध्ये दोन बोटं पाणी ठेवा, म्हणजे वाऱ्याने उडत नाही, लांब जातो. मुठीला पंधरा-वीस मीटर दोरी बांधा आणि झाकण घट्ट लावा. पुढच्या वेळी हरिहरेश्वरला जाल तेव्हा तो डिकीत असू दे, आणि निघायच्या आधी सोसायटीच्या बागेत पाच-सहा वेळा फेकून बघा. पहिल्या दोन वेळा तो झाडात अडकेल.